पाहुणीची सोय

शोकसभेच्या दिवशी सकाळी थोरल्यानं पाहुणीचा विषय काढला, आणि तोही नेमका चहा ओतताना, म्हणजे कुणाला उठून जाता येऊ नये.

"परवा गाडी येईल," तो म्हणाला. "मी बोलून ठेवलंय. चांगली जागा आहे, माई. बायकाच चालवतात. मागे बाग आहे, डॉक्टर येऊन जातात. आपल्यापेक्षा नीट सोय होईल तिची."

माईनं कप स्वतःकडे ओढला. दादा गेल्यापासून सगळे तिच्याशी असेच बोलत होते, आजारी माणसाला औषध पाजावं तसं, गोड आणि घाईघाईनं. त्यात थोरला पूल बांधणारा इंजिनिअर. वडील गेल्याचं कळल्यावर दुसऱ्या शहरातून येऊन दाखल झाला तो आजतागायत निवांत बसलेला नव्हता. गळका नळ दुरुस्त केला, दादांच्या औषधांच्या बाटल्या कुणाकुणाला देऊन टाकल्या, दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. रडला मात्र एकदाही नाही. माईला ते दिसत होतं, म्हणूनच ती त्याला कशात अडवत नव्हती.

माईनं थोरल्याकडे राहायला जायचं हे तर पहिल्या आठवड्यातच ठरून गेलं होतं. हे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि माईचे गुडघे जिन्यात पावलागणिक तक्रार करत. तिनं हो म्हटलं नव्हतं. नाही असंही म्हटलं नव्हतं, आणि माई गप्प बसली म्हणजे कबूल आहे असं धरून चालायची या घराची जुनी सवय होती. राहता राहिली पाहुणी.

पाहुणी तेव्हा बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढत होती. स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांच्यामध्ये फक्त एक जाळीचं दार.

"भाऊ, ती ऐकतेय," चिमी हळूच म्हणाली. चिमी म्हणजे थोरल्याच्या पाठची बहीण. स्वतःची मुलं कॉलेजात गेली तरी माहेरी तिचं नाव चिमीच राहिलं होतं.

"ऐकू दे की. वाईट काय बोलतोय मी?"

"वाईट नाही. पण दादा असते तर..."

"दादा असते तर हा प्रश्नच नव्हता. दादा नाहीत, म्हणून विचारतोय. तू नेतेस का तिला? तसं असेल तर सांग, मी आत्ता फोन करून नको म्हणून कळवतो."

चिमीनं मान खाली घातली. तिचं घर दोन खोल्यांचं, त्यातली एक अंथरुणाला खिळलेल्या सासूनं व्यापलेली. थोरल्याला ते ठाऊक होतं. बोलून गेल्यावर त्यालाच कसंसं झालं असावं, कारण त्यानं बहिणीच्या कपात न विचारता अजून थोडा चहा ओतला.

"थोरला म्हणतो ते खरं आहे, वहिनी," आत्या म्हणाल्या. दादांची ही धाकटी बहीण चार घरं पलीकडे राहायची आणि भावाच्या घरातल्या प्रत्येक भानगडीत हक्कानं मत द्यायची. "आमच्या दादाला साऱ्या जगाची सोय लावायची हौस. आता त्याच्या हौसेची सोय कुणी लावायची? तुम्ही या वयात आपलं बघायचं की तिचं?"

"वन्सं, आधी सभा होऊ दे," माई म्हणाली.

जाळीचं दार उघडून पाहुणी आत आली. हातात चादर होती. तिनं चादरीची दोन टोकं माईपुढे धरली. माई उठली, टोकं पकडली, आणि दोघींनी रोजच्यासारखी ती चादर ताणून, झटकून, एकमेकींकडे चालत येत घडी केली. बाकीचे तिघे चहा पीत राहिले. पाहुणीच्या चेहऱ्यावरून तिनं काय ऐकलं आणि काय नाही याचा थांग लागत नव्हता. तसा तो कधीच लागत नसे.

ती घरात कशी आली हे चिमीच्या मुलांनाही पाठ होतं. दादा शहरातल्या मोठ्या इस्पितळात समाजसेवक होते. बरा झालेला रोगी घरी जातो, पण ज्याला न्यायला कुणी येतच नाही त्यानं कुठं जायचं, हे बघणं दादांचं काम. कुणी वाट चुकलेलं, कुणाला घरच्यांनी सोडून दिलेलं, कुणाला स्वतःचं नावही आठवत नसलेलं. पाहुणी अशीच स्टेशनवर तापानं फणफणलेली सापडली होती. ताप उतरला, पण तोंडातून शब्द फुटला नाही. ऐकू नीट येई, सांगितलेलं सगळं समजे. फक्त एक अंगाई गुणगुणायची, बिनशब्दांची. दादांनी ती टेपवर घेतली आणि ट्रकवाल्यांना, खलाशांना, दारोदार कापड विकणाऱ्यांना ऐकवत फिरले, की ही चाल कुठली सांगा. कुणालाच सांगता आली नाही. मग वॉर्डातली खाट रिकामी करायची वेळ आली तेव्हा तिला घरी घेऊन आले. म्हणाले, चार दिवसांची पाहुणी आहे, हिचं घर सापडलं की जाईल.

थोरला तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याची खोली पाहुणीला मिळाली आणि त्याची वह्या-पुस्तकं बाहेरच्या खोलीत, चपलांच्या कपाटाशेजारी गेली. परीक्षा झाली, नोकरी लागली, तो दुसऱ्या गावी गेला. सुट्टीत यायचा तेव्हाही तिथंच झोपायचा. अशा रीतीनं पाहुणी घरची झाली आणि थोरला पाहुणा. तो कधी बोलून दाखवत नसे. पण इतक्या वर्षांत पाहुणीला उद्देशून त्यानं एक शब्द उच्चारल्याचं माईला आठवत नव्हतं. बोलायचा तो तिच्याविषयी, तिच्याशी नाही.

*

सभा इस्पितळाच्या जुन्या सभागृहात होती. खुर्च्या कमी पडल्या. लोक भिंतींना टेकून, खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसून होते. व्यासपीठावर दादांचा फोटो, हसताना डोळे बारीक झालेला. माई पहिल्या रांगेत बसली, एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला चिमी. पाहुणी आणि आत्या मागच्या रांगेत.

आधी खात्याचे प्रमुख बोलले. सेवाभाव, समर्पण, पोकळी असे शब्द येऊन गेले. माणूस सज्जन होता, पण दादांना फारसा ओळखत नसावा. माई त्याच्या बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिली.

मग एक मालट्रकवाला उठला. व्यासपीठावर जाईना, जागच्या जागीच उभा राहून बोलायला लागला.

"मी पंपावर डिझेल भरत होतो," तो म्हणाला. "हे गृहस्थ आले आणि म्हणाले, जरा गाणं ऐकता का? मला वाटलं, काहीतरी विकतायत. म्हटलं नको, घाई आहे. तर म्हणाले, तुम्ही डिझेल भरा, मी वाजवतो. यंत्र चालू केलं. कुणी म्हातारा गात होता, वल्ही मारताना म्हणतात ना, तसलं. आणि मी नळी धरून तसाच उभा. ते माझ्या आजोळचं गाणं. खाडीपलीकडची चारच गावं आहेत, तिथं म्हणतात."

तो व्यासपीठावरच्या फोटोकडे वळला.

"दुसऱ्या रविवारी मी आणि दादा त्या म्हाताऱ्याला घेऊन गेलो. माझ्याच ट्रकमधून. तिसऱ्या गावात त्यानं आपणहून बोट दाखवलं. दार त्याच्या लेकीनं उघडलं. मला वाटलं आता रडारड होणार. ती काही बोललीच नाही. खाली बसली आणि बापाच्या पायातले बूट काढायला लागली. दादा मला म्हणाले, चला, आपलं इथलं काम झालं. येताना वाटभर गात होते. माझ्या ट्रकमध्ये रेडिओ नव्हता. त्या दिवशी गरजही पडली नाही."

लोक हसले, आणि हसता हसता कित्येकांनी डोळे पुसले.

माईला तो दिवस आठवत होता, पण फार वेगळा. दादा घरी आले, हातपायही न धुता आधी रेकॉर्ड लावली, आणि आवाज इतका मोठा ठेवला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली. तिनं विचारलं, काय झालं? म्हणाले, आज एक जण घरी पोचला. बस, एवढंच. संसारभर तिला बातमी मिळायची ती अशीच. संध्याकाळी रेकॉर्ड दणक्यात वाजली तर कुणीतरी पोचलं. नाही वाजली तर तीही काही विचारायची नाही, नुसती त्यांच्यासमोर ताट ठेवायची.

मग वॉर्डातल्या मदतनीसांनी मिळून एक गाणं म्हटलं, दादांनी बसवून दिलेलं. माईला सुरातलं काही कळत नसे. भांडं पडलं आणि व्हायोलिन वाजलं यातला फरक कळायचा, त्यापुढचं नाही. लग्नानंतर दादांनी खूप खटपट केली. रेकॉर्ड लावायचे, डोळे मिटून ऐकायला सांगायचे, आणि संपल्यावर उत्सुकतेनं विचारायचे, कसं वाटलं? ती प्रामाणिकपणे सांगायची, लांबलं थोडं. दादा पोट धरून हसायचे. पुढे त्यांनी विचारणं सोडून दिलं. पण ती शेजारच्या खोलीत भाजी निवडत बसली की ते गात, आणि ती दार उघडं ठेवी. गाणं कळत नसलं तरी ते घरात आहेत हे कळायचं.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. आत्यांनी मागून माईच्या खांद्याला हात लावला.

"वहिनी, पाहुणी कुठंय?"

मागची खुर्ची रिकामी होती.

*

सगळ्यात आधी धावला तो थोरला. आत्यांनी "बाथरूमला गेली असेल" म्हणेपर्यंत तो दारातून बाहेर पडलासुद्धा. माई लंगडत लंगडत बाहेर आली तेव्हा तो फाटकावरच्या पहारेकऱ्याला हातवारे करून पाहुणीची उंची दाखवत होता.

"बोलत नाही ती. रस्त्यात विचारलं तर कुणाला काही सांगता यायचं नाही," तो म्हणत होता. त्याचा आवाज चढला होता. "राखाडी शाल आहे. केस पिकलेले, इथपर्यंत. डाव्या पायात जरा ओढ आहे. तुम्ही बघितलंच नाही म्हणजे काय?"

माई चकित झाली. ज्या बाईकडे यानं कधी नीट बघितलं नाही असं तिला वाटत होतं, तिच्या पायातली ओढसुद्धा याच्या ध्यानात होती.

तेवढ्यात सभागृहातून एक वयस्कर सिस्टर आली. दादांबरोबर तिनं अर्धी नोकरी काढलेली.

"कुणाला शोधताय? पाहुणीला? अहो, ती वर असेल, बायकांच्या वॉर्डात. आज गुरुवार ना."

"गुरुवारचं काय?" थोरल्यानं विचारलं.

सिस्टरनं माईकडे पाहिलं. "माई, तुम्हाला माहीत नाही?"

माईला एवढंच माहीत होतं की दादा निवृत्तीनंतरही दर गुरुवारी पाहुणीला घेऊन इस्पितळात जात. तिची तपासणी असेल असं तिनं मनाशी धरलं होतं. विचारावं असं कधी वाटलंच नाही.

वॉर्ड पहिल्या मजल्यावर, लांबलचक, उंच खिडक्यांचा. शेवटच्या खाटेवर एक बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. शेजारी स्टुलावर पाहुणी. हात मांडीवर, नजर खिडकीबाहेर, आणि काहीतरी गुणगुणत होती. सिस्टरनं सगळ्यांना दारातच थांबवलं.

"हे तिचं गाणं नाही," चिमी कुजबुजली. ती लहानपणी दादांकडे गाणं शिकलेली. "आणि माई, ती चुकतेय. शेवटचा सूर पडतोय दर वेळी. पाहुणीचा सूर कधी पडत नाही."

"पडत नाही, पाडतेय," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "गाणं त्या खाटेवरच्या बाईचं आहे. झोपेत म्हणते. जागेपणी ना बोलत, ना कुणाच्या हातचं खात, नळीनं भरवावं लागतं. दादांची ही जुनी युक्ती. माणसाचं गाणं ऐकून ठेवायचं आणि त्याच्याजवळ बसून चुकीचं म्हणायचं. आज, पुढच्या आठवड्यात, त्याच्या पुढच्या आठवड्यात. ते म्हणायचे, माणूस काय वाट्टेल ते सोसतो, पण आपल्या आईनं म्हटलेलं गाणं कुणी वाकडं म्हणायला लागलं की फार दिवस गप्प बसवत नाही. शेवटी शेवटी त्यांना दम लागायचा, गाता येईना. मग ही गायला लागली आणि ते स्टुलाशी उभे राहायचे."

पाहुणीनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तो शेवटचा सूर. खाटेवरची बाई हलली. पाहुणीनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तीच ओळ परत घेतली, आणखी थोडी बिघडवून.

भिंतीकडून एक बारीक, गंजलेला आवाज आला. दोन-तीनच सूर, पण चिमीनं माईचा दंड घट्ट धरला. "बरोबर म्हटलं तिनं," ती म्हणाली.

पाहुणीनं मान डोलावली, आणि पुन्हा चुकीचंच म्हटलं.

बाई कुशीवर वळली. कपाळाला आठ्या, डोळ्यांत चांगलाच राग. "तसं नाही," ती म्हणाली.

सिस्टर जागची हलली नाही, पण तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. पाहुणीनं शेजारचा पेला उचलून पुढं केला, जणू हे बोलणं रोजचंच. बाईनं आधी तिच्याकडे आणि मग पेल्याकडे बघितलं. तो घेऊन दोन घोट प्यायली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

"आज एवढं पुरे," सिस्टर म्हणाली. "नाव कळायला अजून महिने लागतील. कळेलच असंही नाही. पण सुरुवात अशीच होते. दादा गेल्यावर आम्हाला वाटलं, हे इथंच थांबलं. पाहुणीला आता कोण घेऊन येणार?"

थोरला भिंतीला टेकून उभा होता.

*

खाली उतरायला माईला वेळ लागला. मधल्या वळणावर बाक होता, तिथं ती टेकली. पाहुणी आणि आत्या पुढं गेल्या. दोन्ही मुलं तिच्याजवळ थांबली. माईनं चष्मा काढून पुसला, परत घातला.

"चिमे, एक विचारू?"

"विचार ना."

"हे घरात गायचे, ते चांगलं गायचे का गं?"

चिमीला आधी प्रश्नच कळला नाही. "म्हणजे?"

"म्हणजे सिस्टर म्हणाली ना, चुकीचं गायचे म्हणून. शेजारीपाजारी कुणी कधी काही बोललं नाही. मला तर काही कळायचं नाही, आणि इतक्या वर्षांनी कुणाला विचारायची लाज वाटायची. संसार केला त्यांच्याबरोबर, आणि नवऱ्याला गाता येतं की नाही हे ठाऊक नाही म्हणजे कसं दिसतं ते."

चिमीनं तोंड उघडलं, पण उत्तर थोरल्यानं दिलं.

"फार चांगलं, माई," तो म्हणाला. "फार चांगलं गायचे दादा. मी बाहेरच्या खोलीत अभ्यास करायचो ना, चपलांच्या कपाटाजवळ. ते पहाटे हळू आवाजात गात फिरायचे, मला त्रास नको म्हणून. मी पुस्तक मिटून ऐकत बसायचो. त्यांना वाटायचं मी..."

पुढचं वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. एवढा मोठा माणूस, जिन्याच्या वळणावर, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, आईच्या बाकाशी उकिडवा बसला आणि हमसून हमसून रडला. माईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचे केस दादांसारखेच मागून विरळ व्हायला लागले होते. वरून दोन नर्सा खाली आल्या, त्यांना बघून जरा थबकल्या आणि पायांचा आवाज न करता बाजूनं निघून गेल्या. इस्पितळात अशा गोष्टींची सवय असते.

*

घरी आल्यावर माईनं स्वतः चहा टाकला. कुणी मध्ये पडू लागलं की तिनं नुसतं बघायचं, आणि पुढं आलेला हात मागं जायचा. सगळे टेबलाशी बसले. पाहुणीही बसली.

"मी इथंच राहते," माई म्हणाली.

थोरल्याचा चेहरा अजून सुजलेला होता, पण आवाज ठिकाणावर आला होता. "माई, आजचा दिवस वेगळा आहे. आज ठरवू नकोस."

"आज नाही ठरवलं. ठरलेलंच होतं, आज बोलतेय. दर गुरुवारी तिला वॉर्डात पोचवायला कुणीतरी हवं. मध्ये बस बदलावी लागते, ते तिला जमायचं नाही. मला जमतं. मला बाजाराची पिशवी जिन्यातून आणवत नाही, ती आणते. आमचं भागेल."

"आणि तू पडलीस तर? ती हाकसुद्धा मारू शकत नाही."

"भांडी आपटू शकते," आत्या म्हणाल्या.

थोरल्यानं चमकून तिकडे पाहिलं. "आत्या, सकाळी तू माझ्या बाजूला होतीस."

"सकाळी मला काय ठाऊक, ही तिथं जाऊन एवढं काम करते ते? मला वाटलं, दादानं घरात आणून बसवलीय आणि ही बसलीय. आता मी येत जाईन दुपारची. दोघींची भांडणं कुणी सोडवायला हवीत ना."

"ती बोलत नाही, वन्सं. भांडण कसलं?" माई म्हणाली.

"म्हणूनच म्हणते. तुमच्याशी टिकायचं तर तसंच माणूस पाहिजे."

चिमी फसकन हसली. पाहुणीच्या ओठांच्या कोपऱ्यातही काहीतरी हललं. थोरला मात्र हसला नाही. त्यानं कप बशीत ठेवला, सरळ केला, पुन्हा सरळ केला.

"म्हणजे मी उगीच आलो," तो म्हणाला. "उगीच पळापळ केली. दादांचंही असंच. घरात काय करायचं ते आधीच ठरलेलं असायचं, मला कळायचं शेवटी. माझी खोली गेली तेव्हा मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, माई. मी दिली असती. पण कुणी विचारलं नव्हतं."

इतकी वर्षं घरात नुसतं वावरत असलेलं वाक्य शेवटी टेबलावर येऊन पडलं. माई मुलाकडे बघत राहिली. दादांची बाजू घ्यावी असं तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

"नव्हतं विचारलं," ती म्हणाली. "तुला राग आला, तो बरोबर होता. आणि आज सकाळी त्या गाडीचं ठरलं, तेव्हा ही जाळीपलीकडे उभी होती. हिलाही कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

खालच्या रस्त्यावरून फुगेवाला भोंगा वाजवत गेला. थोरला उठला आणि बाहेरच्या खोलीत गेला. थोड्या वेळानं त्याचा फोनवरचा आवाज ऐकू आला. तो कुणाला तरी सांगत होता की परवा गाडी पाठवू नका, आणि तसदीबद्दल क्षमा करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातून ठोकण्याचा आवाज यायला लागला. माईला वाटलं, खालच्या मजल्यावर काही काम निघालं असेल. दार उघडून बघते तर थोरला बाह्या सरसावून पहिल्या वळणावर गुडघे टेकून बसलेला. शेजारी लोखंडी नळ्या, भोकं पाडायचं यंत्र, सिमेंटची पिशवी. भल्या पहाटे उठून कुठून पैदा केलं होतं कोण जाणे. चिमी वरच्या पायरीवर मोजायची टेप धरून उभी होती.

"तिन्ही मजल्यांना कठडा लावतोय," तो वर न बघता म्हणाला. "दोन्ही बाजूंनी. आधीच लावायला हवा होता. माझ्या पोरीच्या परीक्षा संपेपर्यंत तिकडे माझ्यावाचून अडत नाही, मी राहतोय. ये, जरा धरून बघ. एवढा उंच चालेल?"

माई सावकाश चार पायऱ्या उतरली. भिंतीवर पेन्सिलची रेघ होती, तिथं तिनं हात ठेवला.

"चालेल की," ती म्हणाली. "छान आहे."

थोरल्यानं यंत्र उचललं. तेवढ्यात पाहुणी बाजारची पिशवी घेऊन खालून वर आली आणि वळणावर, सामानाच्या पसाऱ्यापलीकडे थांबली. त्यानं यंत्र पुन्हा खाली ठेवलं. तिला काय म्हणून हाक मारावी ते क्षणभर त्याला सुचेना. मग तो नीट तिच्याकडे वळून बसला.

"तुम्हीही वापरणार आहात," तो म्हणाला. "तुम्हाला कसं वाटतं? उंची बरोबर आहे?"

पाहुणीनं पिशवी खाली ठेवली. तिनं एकदा रेघेकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग माईचा उजवा हात धरला, तोच, ज्याचा खांदा दादांच्या आजारपणात उचलाउचल करून धरला होता आणि ज्याबद्दल माईनं घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं. तो हात तिनं रेघेवरून हळूहळू खाली सरकवला. जिथं माईचा खांदा आपोआप सैल पडला, तिथं थांबवला आणि दाबून धरला.

"माई," थोरला म्हणाला, "खांदा दुखतो तुझा?"

"थोडासा."

त्यानं कानामागची पेन्सिल काढली. पाहुणीनं हात हलवला नाही. तो पुढं झुकला आणि त्या दोन हातांच्या खालून, अगदी लगटून, नवी रेघ ओढली.